कागद-लाकडाच्या कंपनीत कामाची पद्धत पक्की कशी करायची: क्रम न चुकवता, पायरी पायरीने

कागद आणि लाकडाच्या धंद्यात ‘प्रोसेस सुधारूया’ असं मालकाच्या मनात आलं की पहिलं काय होतं, तर ईआरपीवाल्याला (कंपनीच्या सगळ्या कामाची नोंद एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला) फोन जातो नाहीतर आयएसओ, म्हणजे कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट मिळवून देणाऱ्या, कन्सल्टंटला. काही महिन्यांनी फाइली तयार होतात, ऑफिसात सर्टिफिकेट लागतं, कॉम्प्युटरवर नवीन स्क्रीन येते, आणि खाली मशीनवर मात्र काम आधी चालायचं तसंच चालू असतं, दिवसपाळीची एक पद्धत आणि रात्रपाळीची दुसरी. यात माणसांचा दोष नाही, क्रम उलटा झालेला असतो. आधी काम सगळ्यांनी सारखं करायला पाहिजे, मग मोजायचं, मग सुधारायचं, आणि कॉम्प्युटर त्याच्या मागून. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

डोळ्यांसमोर आपल्याकडचे, म्हणजे गोव्यातले, कारखाने ठेवलेत. वेर्णा, कुंडई, मडकई, डिचोली, होंडा भागातले पुठ्ठ्याच्या खोक्यांचे प्लांट, औषध कंपन्यांना आणि दारूच्या कारखान्यांना बॉक्स देणारे, सोबत लाकडी पॅलेट बनवणारे, आणि अकेशिया-नीलगिरीचं लाकूड गोळा करून गिरणीला पाठवणारे ठेकेदार पण. माल वेगळा असला तरी चुका बहुतेक त्याच आहेत.

## सुरू करण्याआधी: आपण नक्की कुठे आहोत

जगभर यासाठी पाच पातळ्यांचं एक माप वापरतात. ते मुळात सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी बनलं, पण कागदाच्या गोडाऊनलाही लागू पडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर,

पातळी १: काम माणसावर चालतं. १५० जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) रील कुठे ठेवलंय ते फक्त स्टोअरवाल्या दादाला माहीत, दादा रजेवर गेला की शोधाशोध.

पातळी २: ऑर्डरप्रमाणे प्लॅनिंग होतं, रजिस्टर भरलं जातं, पण प्रत्येक सुपरवायझरची पद्धत आपापली.

पातळी ३: कंपनीची एकच पद्धत, लिहिलेली, शिकवलेली, कोणत्याही शिफ्टला तीच.

पातळी ४: कामाचे आकडे माहीत आहेत, ते साधारण कुठून कुठपर्यंत जातात हेही माहीत आहे, बाहेर गेले की लगेच कळतं.

पातळी ५: त्या आकड्यांवरून कारणं शोधून एकेक कारण कायमचं बंद केलं जातं.

दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा. एक, पातळी उडी मारून चढता येत नाही, दोन शिफ्टमध्ये दोन पद्धती असताना काढलेला आकडा कुठल्या पद्धतीचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दोन, सगळ्या कंपनीची एक पातळी नसते, तुमचं बिलिंग तिसऱ्या पातळीवर असेल आणि रील स्टोअर पहिल्या, आणि तसं असणं अगदी नॉर्मल आहे. कंपनीला सरसकट एक मार्क देण्यात वेळ घालवू नका.

तपासा: गोव्यात यासाठी सगळ्यात चांगली परीक्षा चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. सत्तरी-पेडण्यातली माणसं घरी, सावंतवाडी-कुडाळकडची माणसं गावी, आणि कारखान्यात निम्मे लोक. त्या आठवड्यात कुठलं काम अडतं, कोणाला सारखा फोन करावा लागतो, त्याची यादी करा. जिथे फोन केल्याशिवाय काम हलत नाही ते काम पहिल्या पातळीवर आहे, रजिस्टर कितीही सुंदर असू दे.

## १. एकच काम निवडा

बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच, मेंटेनन्स, सगळ्यांची पद्धत एकदम लिहायला घेतात, तीन आठवड्यांत सगळे थकतात आणि नंतर तो विषयच निघत नाही.

एकच काम घ्या. माझं मत विचाराल तर माल आत येण्यापासून सुरू करा. खोक्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो, आणि आत आलेल्या कागदाचा जीएसएम, ओलावा, वजन चुकीचं नोंदलं गेलं की पुढचं वेस्टेज, कॉस्टिंग, बॉक्सची ताकद, सगळ्यांचे आकडे खोटे पडतात. लाकडाच्या बाजूला असाल तर यार्डात लाकूड उतरवून मोजून घेण्याचं काम निवडा, कारण तेच.

निवडलेल्या कामाची सुरुवात आणि शेवट एका ओळीत लिहा. ‘ट्रक गेटवर आल्यापासून रील लेबल लागून जागेवर बसेपर्यंत.’ त्याच्या पुढे जायचं नाही. ही ओळ नसेल तर मीटिंगमध्ये विषय कोरुगेटरच्या (कागद नागमोडी करून पुठ्ठा बनवणाऱ्या मशीनच्या) बेअरिंगपासून मुंबईच्या पार्टीच्या पेमेंटपर्यंत फिरून येतो.

सावधान: सेल्स किंवा कॉस्टिंगपासून सुरू करू नका. तिथे सोडवायला जाल ते निम्मे प्रश्न खाली शॉप फ्लोअरवरून आलेले असतात.

## २. त्या कामाचा मालक ठरवा

एक माणूस, कमिटी नको. त्याला दोन हक्क स्पष्ट द्या: पद्धत बदलायचा, आणि पद्धत पाळली नाही तर माल थांबवायचा. ट्रक परत पाठवायचा हक्क नसलेला स्टोअर इन-चार्ज हा मालक नाही, तो फक्त सही करणारा. हे प्लांट हेडने सगळ्यांसमोर सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भागत नाही.

## ३. काम जसं चालतं तसंच लिहा, जसं चालायला हवं तसं नाही

ऑफिसात बसून लिहू नका. वही घेऊन गेटवर उभे राहा आणि एका ट्रकच्या मागोमाग चाला.

काय दिसतं बघा. ट्रक आला, सिक्युरिटीने चलन घेतलं, वजन बाहेरच्या काट्यावर झालंय म्हणून पावती लावली. आतला काटा आहे पण तो फक्त कोणाला शंका आली की वापरतात. फोर्कलिफ्टवाल्याने रीलं उतरवली, दोन रीलांच्या कडा फाटल्या, त्याने काही सांगितलं नाही कारण सांगायचं कोणाला हेच माहीत नाही. स्टोअरवाल्याने मार्करने रीलवर नंबर टाकला, तोच नंबर रजिस्टरमध्ये, पण रात्री मशीनवर रील चढताना बाहेरचा रॅपर फाडून टाकला आणि नंबर रॅपरबरोबर गेला. उरलेलं अर्धं रील परत स्टोअरला आलं तेव्हा ते कुठल्या मिलचं, किती बीएफचं (बर्स्ट फॅक्टर, कागद किती दाबाला फुटतो त्याचा आकडा), हे अंदाजाने. आता या एका अर्ध्या रीलवरून पुढे किती भांडणं होतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

हे सगळं तसंच्या तसं लिहा. प्रत्येक टप्प्याला तीन गोष्टी: कोण करतं, कशावर नोंद होते, आणि नोंद चुकली तर कुठे कळतं. तिसऱ्या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ असं उत्तर येईल त्या जागेवर लाल खूण करा, पुढचं बहुतेक काम त्या लाल खुणांवरच असणार आहे.

मग तेच रात्रपाळीला करा. आणि पावसात परत एकदा, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे काम वेगळंच चालतं, ताडपत्री, उघडा धक्का, ओली जमीन.

तपासा: तीन शिफ्टमधल्या तीन माणसांना वेगवेगळं विचारा, ‘अर्धं रील परत आलं की काय करता?’ उत्तरं तीन आली तर पुढच्या पायरीवर जायला तुम्ही तयार आहात, कारण आता प्रश्न काय आहे ते तुम्हाला दिसलंय. उत्तर एकच आलं तर परत विचारा, बहुतेक वेळा सुपरवायझर बाजूला उभा असतो.

## ४. शब्द, कोड आणि एकक आधी एक करा

ही पायरी सगळे सोडून देतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथलंच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

मालाचं नाव. एकच कागद खरेदीत ‘१५०/२२’, स्टोअरमध्ये मिलच्या नावाने, आणि उत्पादनात ‘ब्राऊन लाइनर’ म्हणून ओळखला जात असेल तर स्टॉक कधीच जुळणार नाही. कोड साधा ठेवा: कागदाचा प्रकार, जीएसएम, बीएफ, डेकल (रीलची रुंदी). मिल आणि रील नंबर हे वेगळ्या रकान्यात, कोडमध्ये नाही, नाहीतर मिल बदलली की नवीन आयटम जन्माला येतो.

जीएसएम. कागदावर छापलेला जीएसएम हा मिलचा दावा, तुमचं मोजमाप नाही. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, ग्रॅममध्ये वजन करा, १०० ने गुणा, झाला जीएसएम. रीलच्या दोन्ही कडांजवळून आणि मधून असे तुकडे घ्या. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, किराणा दुकानातला चालणार नाही. बीएफचं गणितही सगळ्यांना एकदा समजावून सांगा: बर्स्टिंग स्ट्रेंग्थ किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घेऊन १००० ने गुणायची आणि जीएसएमने भागायची. म्हणजे १५० जीएसएम, २२ बीएफ कागद मशीनवर ३.३ दाखवायला पाहिजे. हे गणित माहीत असलेला माणूस ‘चालतंय हो’ म्हणत नाही.

ओलावा. आपल्याकडचा सगळ्यात महागडा विषय. समजा १० टन कागद आला. ओलावा ७ टक्के असेल तर त्यात कोरडा माल ९.३ टन, ओलावा १० टक्के असेल तर ९ टन. काट्यावर वजन तेवढंच, पण ३०० किलो कागदाच्या जागी पाण्याचे पैसे दिले गेले. ऑर्डरमध्ये ओलाव्याची मर्यादा लिहिलेली नसेल तर नंतर मिलशी भांडून काही उपयोग नाही, म्हणून आधी ते लिहून घ्या, मीटर कुठला वापरणार ते पण लिहा. आणि मोजताना रीलचे वरचे थर काढून आत मोजा, बाहेरच्या थराने वाटेत घाटातली हवा आणि पाऊस दोन्ही खाल्लेलं असतं.

लाकूड. इथे फरक अजून मोठा. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. १० टन लाकूड ५० टक्के ओलाव्यावर घेतलं तर कोरडं ५ टन, तेच वाळून ४० टक्क्यांवर आलेलं घेतलं तर कोरडं ६ टन. म्हणून फक्त ‘टन’ असं रजिस्टरमध्ये लिहायची परवानगीच देऊ नका. ओलं वजन की एअर ड्राय ते लिहायचं, पल्पच्या धंद्यात एअर ड्राय म्हणजे ९० टक्के कोरडा माल आणि १० टक्के पाणी असं धरतात. सोबत तोडीची तारीख, सालीसकट की साल काढून, आणि घनमीटरमध्ये घेत असाल तर रचलेल्या थप्पीचं माप की नुसत्या लाकडाचं, कारण थप्पीत हवा पण मोजली जाते.

लाकडाच्या बाबतीत कागदपत्रं हा मालाचाच भाग धरा. गोव्यात खाजगी जमिनीतलं झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, वाहतुकीचे नियम वेगळे. परवानगीचा नंबर, सर्व्हे नंबर, ट्रकचा पास हे तिन्ही यार्डाच्या त्याच नोंदीत असले पाहिजेत ज्यात वजन आहे. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं की सहा महिन्यांनी कुठलं लाकूड कुठल्या पासवर आलं ते जुळत नाही.

सावधान: काट्याचं कॅलिब्रेशन आणि वैधमापनचा शिक्का बघितल्याशिवाय या पायरीतला एकही आकडा खरा मानू नका.

## ५. एका पानाची पद्धत लिहा

आता लिहायची वेळ. चाळीस पानी मॅन्युअल कोणी वाचत नाही, मशीनजवळ तर नाहीच. एक काम, एक पान, मोठी अक्षरं, फोटो. भाषा जी माणसं वाचतात ती. आपल्याकडे एकाच शिफ्टला मराठी-कोंकणीवाले, बेळगावकडचे, आणि ओडिशा-झारखंडचे मुलगे असतात, म्हणून मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवा आणि शक्य तिथे शब्दाऐवजी फोटोच.

रील घ्यायच्या पानावर साधारण एवढं असावं:

१. ट्रकचं वजन आतल्या काट्यावर, भरलेलं आणि रिकामं दोन्ही.
२. उतरवण्याआधी फोटो: ताडपत्री, ओल, फाटलेल्या कडा.
३. ठरलेल्या संख्येइतक्या रीलांचा जीएसएम, ओलावा, डेकल मोजायचा.
४. मर्यादेबाहेर आलं तर लाल स्टिकर, वेगळी जागा, कामाच्या मालकाला फोन. मशीनला जाणार नाही.
५. लेबल दोन: एक रीलच्या बाजूला आणि एक कोअरच्या (रीलच्या मधल्या नळीच्या) आत, म्हणजे रॅपर गेला तरी ओळख राहते.
६. रील पॅलेटवर, जमिनीवर नाही, भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडून.
७. जुना माल आधी जाईल अशा रांगेत.
८. अर्धं रील परत आलं की वजन करून नवीन लेबल, त्याशिवाय स्टोअर घेणार नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ‘काय करायचं’ हे बहुतेक पद्धतींमध्ये लिहिलेलं असतं, ‘बरोबर नसेल तर काय करायचं’ हे नसतं, आणि रात्री दोन वाजता नेमका तोच प्रश्न येतो.

पावसाळ्यासाठी त्याच पानाच्या मागे वेगळा भाग करा. दरवाज्याजवळची पहिली रांग रिकामी, रॅपर रील मशीनवर चढवायच्या अगदी आधी काढायचा, त्यापूर्वी नाही, तयार बॉक्सचे बंडल स्ट्रेच फिल्ममध्ये. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० वर गेली की पुठ्ठ्याच्या खोक्याची दाब सहन करायची ताकद जवळजवळ निम्मी होऊ शकते, त्यामुळे मे महिन्यात पास झालेला बॉक्स जुलैत पार्टीच्या गोडाऊनमध्ये खाली बसतो आणि डेबिट नोट आपल्याला येते. रचाईची उंची पावसात कमी ठेवायची हे डिस्पॅचवाल्याने पार्टीला लेखी कळवावं, आणि शक्य असेल तर पावसाळी ऑर्डरसाठी कागदाचं कॉम्बिनेशनच बदलून घ्यावं.

तपासा: ते पान नवीन आलेल्या मुलाच्या हातात द्या, कोणी काही सांगू नका, आणि एक रील घ्यायला लावा. जिथे अडेल तिथे पान चुकलंय.

## ६. शिकवा, आणि शिफ्ट बदलताना धरा

ट्रेनिंग म्हणजे हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवून हजेरीची सही घेणं नव्हे. कामाच्या मालकाने स्वतः करून दाखवायचं, मग माणसाने करायचं, मग त्याने दुसऱ्याला शिकवायचं. तिसरं झालं की नाव तक्त्यावर लिहा. कंत्राटी कामगार सोडू नका, उलट त्यांच्यापासून सुरू करा, कारण रील हलवणारे हात त्यांचेच आहेत आणि ते सगळ्यात लवकर बदलतात.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, बोर्डासमोर उभं राहून. किती आलं, काय अडवून ठेवलंय, काय अर्धवट आहे. जाणारा आणि येणारा दोघेही हजर. बस सुटते म्हणून जाणारा आधीच निघून जातो हा नेहमीचा अनुभव, त्यासाठी बस दहा मिनिटं उशिरा सोडा, हा खर्च करायला कचरू नका.

सावधान: महिनाभर तरी पद्धत बदलायची नाही. सूचना लिहून ठेवा, पण रोज बदल केले तर सारखेपणा येणारच नाही. काम तीन शिफ्टला एकसारखं झालं तर ते काम तिसऱ्या पातळीवर आलं असं समजा.

## ७. आता मोजा, पण थोडंच

तीन आकडे पुरे. जास्त घेतले की भरणारा माणूस संध्याकाळी बसून मनाने भरतो.

माल घेण्यासाठी: मर्यादेबाहेर आलेल्या रीलांचं प्रमाण, ट्रक गेटवर आल्यापासून रील जागेवर बसेपर्यंतचा वेळ, आणि पुस्तकातला स्टॉक आणि प्रत्यक्ष स्टॉक यातला फरक.

पुढे उत्पादनाकडे गेलात की वेस्टेज येतं, आणि वेस्टेजची व्याख्या दहा जणांची दहा असते. साइड ट्रिम (कडेचा कापून टाकलेला कागद) धरायची का, मशीन सुरू करतानाचा कागद धरायचा का, कोअरचं वजन, रॅपर, पिन मारताना फुकट गेलेले बॉक्स? सगळं एका कागदावर ठरवा. मग वजनाचा ताळा घ्या: मशीनला गेलेला कागद एका बाजूला, दुसऱ्या बाजूला चांगले बॉक्स अधिक ट्रिम अधिक रिजेक्शन अधिक कोअर अधिक परत आलेली अर्धी रीलं. फरक राहतो तो एकतर ओलाव्याचा, नाहीतर खळीचा, नाहीतर न नोंदलेल्या मालाचा. भंगारवाल्याच्या चलनाचं वजन या ताळ्यात आलंच पाहिजे.

बॉक्सचं वजन किती यायला हवं ते सुपरवायझरला स्वतः काढता यावं. उदाहरण घ्या, ४०० बाय ३०० बाय २५० मिलिमीटरचा साधा तीन प्लाय (तीन थरांचा) बॉक्स, लाइनर (बाहेरचा सपाट कागद) १५०, मधला कागद १२०, पुन्हा लाइनर १५०, फ्लूट (मधल्या कागदाच्या नागमोडीचा प्रकार) सी. सी फ्लूटला मधला कागद साधारण १.४३ पट लागतो, म्हणून १५० अधिक १७१.६ अधिक १५०, एकूण ४७१.६ जीएसएम. शीटची लांबी म्हणजे लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट अधिक जोडपट्टीचे ४० मिलिमीटर, १४४० झाले. रुंदी म्हणजे बॉक्सची रुंदी अधिक उंची, ५५०. क्षेत्रफळ ०.७९२ चौरस मीटर. गुणाकार केला की साधारण ३७४ ग्रॅम, खळीचं वजन वेगळं. काट्यावर बॉक्स ४१० ग्रॅम भरत असेल तर एकतर कागद जाड लागलाय, किंवा ओल आहे, किंवा खळ जास्त ओतली जातेय. तिन्हीत पैसे जातायत, आणि हे पार्टीच्या लक्षात येत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालतं.

सावधान: आकडा खराब आला म्हणून पहिल्या महिन्यात कोणाला ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढचे सगळे आकडे गोड येतील आणि काही कामाचे राहणार नाहीत.

## ८. नेहमीचा चढउतार आणि खास कारण वेगळं ओळखा

वीस-पंचवीस नोंदी जमल्या की सरासरी काढा, वर-खाली तीन सिग्माच्या (सिग्मा म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) रेषा मारा, एक्सेलमध्ये होतं. समजा ट्रिम आणि रिजेक्शन मिळून रोज ६ ते ९ टक्क्यांच्या मध्ये फिरतंय. ८.५ आलं म्हणून ऑपरेटरला बोलवायचं आणि ६.२ आलं म्हणून चहा पाजायचा हे दोन्ही चुकीचं, तो त्या पद्धतीचा नेहमीचा चढउतार आहे आणि तो पद्धत बदलल्याशिवाय हलणार नाही, ऑपरेटर कितीही मनापासून काम करू दे. ११ आलं तर मात्र त्याच दिवशी जाऊन बघायचं. किंवा ओळीने आठ दिवस सरासरीच्या वरच राहिलं तरी काहीतरी बदललंय, नवीन मिल, स्टार्चची नवीन गाडी, हीटिंग रोलचं तापमान, पावसाची सुरुवात.

पावसाळा आणि उन्हाळा यांचे चार्ट वेगळे ठेवा. एकत्र केले तर मर्यादा इतक्या रुंद होतात की काहीच पकडलं जात नाही.

## ९. सुधारणा, आणि बदलाची शिस्त

कारणांची यादी करून मोजा, त्यातली पहिली दोन-तीन कारणंच बहुतेक नुकसान करत असतात. एका वेळी एक कारण घ्या. डेकल जुळत नसल्यामुळे ट्रिम जास्त जातेय असं निघालं तर उपाय मशीनवर नाही, ऑर्डर एकत्र लावण्यात आणि रीलची रुंदी मागवण्यात आहे. म्हणजे प्लॅनिंग आणि खरेदीला सोबत बसावं लागेल, आणि खालची कामं पक्की झालेली असतील तरच ही बैठक भांडणाशिवाय होते.

बदल केला की पान बदलायचं, वर तारीख आणि आवृत्ती, जुनं पान काढून फाडायचं. औषध कंपन्यांना बॉक्स देणाऱ्यांनी प्रिंटिंगच्या बाबतीत हे डोळ्यात तेल घालून पाळावं. पार्टीने आर्टवर्क बदललं की जुनी प्लेट, जुना नमुना आणि जुने छापलेले बॉक्स त्याच दिवशी वेगळे करून नष्ट केल्याची नोंद हवी. एका बंडलमध्ये जुन्या छपाईचे चार बॉक्स गेले तरी अख्खा लॉट परत येतो.

## १०. सॉफ्टवेअर आणि सर्टिफिकेट आत्ता

आता ईआरपी घ्या, किंवा टॅलीच नीट लावा. कोड साफ आहेत, व्याख्या ठरल्या आहेत, माणसं नोंद करतात, म्हणजे सॉफ्टवेअर बसायला जागा आहे. चौथ्या पायरीच्या आधी घेतलं असतं तर एकाच कागदाचे पाच आयटम उघडून बसले असते आणि ते निस्तरायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता.

आयएसओ ९००१ घेताना कन्सल्टंटने आणलेल्या तयार फाइली नाकारा, तुमची एक-एक पानं हीच तुमची सिस्टीम.

एफएससी चेन ऑफ कस्टडी (कागद-लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातून आलंय याचं सर्टिफिकेट) हवी असेल, आणि निर्यात करणाऱ्या पार्ट्या ती मागतात, तर त्यात मुख्य काम तिसऱ्या-चौथ्या पायरीचंच आहे. प्रमाणित माल ओळखू यावा, बाकी मालात मिसळू नये, बिलावर कोड आणि दावा बरोबर यावा, आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वर्षाच्या ताळ्यात जुळावं, आणि नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्यात. अर्ध्या रीलचं लेबल हरवणाऱ्या कंपनीला हे जमत नाही, मग ऑडिटच्या आदल्या रात्री कागदं बनवली जातात, तसं अजिबात करू नका.

पॅलेटवाल्यांसाठी आयएसपीएम १५, म्हणजे निर्यातीच्या लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम. उष्णतेच्या ट्रीटमेंटला लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं लागतात. भट्टीतल्या हवेचं तापमान ५६ झालं म्हणजे गाभ्याचं झालं असं नाही, म्हणून तापमान मोजणारा प्रोब सगळ्यात जाड आणि सगळ्यात ओल्या तुकड्याच्या आत घाला आणि वेळ तिथून मोजा. ट्रीटमेंट झालेलं आणि न झालेलं लाकूड एका शेडमध्ये शेजारी ठेवू नका, आणि दुरुस्तीत एकही नवी पट्टी घातली तर ती पण ट्रीटमेंट केलेलीच हवी. पुठ्ठ्याच्या खोक्याला हा शिक्का लागत नाही, पार्टी मागत असेल तर समजावून सांगा.

## पुढचं काम कुठलं घ्यायचं

पहिलं काम तीन शिफ्टला सारखं चालायला लागलं आणि त्याचे आकडे दोन-तीन महिने स्थिर राहिले की मगच दुसरं. क्रम माझ्या मते असा: माल घेणं, मग जॉब कार्ड आणि प्लॅनिंग, मग कोरुगेटर आणि प्रिंटिंगचं सेटिंग, मग डिस्पॅच, त्याच्यानंतर मेंटेनन्स, आणि कॉस्टिंग सगळ्यात शेवटी, कारण त्याला लागणारे आकडे तोपर्यंत तयार झालेले असतात. मेंटेनन्स नीट नसल्यामुळे मशीन वारंवार बंद पडत असेल तर तो क्रमात वर घ्या, आणि पावसाच्या तोंडावर असाल तर डिस्पॅचचं पावसाळी पान बाकी सगळं सोडून मे महिन्यातच पुरं करा.

दर तीन महिन्यांनी आधीच्या कामावर परत जा. दुसऱ्या विभागाचा माणूस पाठवा, हातात तेच एक पान द्या, आणि पान व काम जुळतंय का एवढंच बघायला सांगा. जिथे जुळत नाही तिथे आधी पान चुकीचं आहे का ते विचारा, माणसाकडे नंतर वळा. कामाच्या मालकाची बदली झाली किंवा तो सोडून गेला तर त्याच आठवड्यात नवीन नाव बोर्डावर लागलं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत अर्धी रीलं परत लेबलाशिवाय स्टोअरला यायला लागतात.